घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद का करू नये?

चोर्ला घाटाच्या माथ्यावर एखाद्या रविवारी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहून बघा. गोव्याहून बेळगावकडे परतणाऱ्या गाड्या केरीपासून वळणं घेत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत वर येतात. एसी चालू, माणसं पाच, डिकी भरलेली. माथ्यावर मोकळी जागा दिसली की गाडी बाजूला घेतात, हँडब्रेक ओढतात आणि त्याच हाताने चावी फिरवून इंजिन बंद करतात. चाकं थांबून इंजिन बंद व्हायला पाच सेकंदही लागत नाहीत.

माझ्या दाजींनी आठ वर्षं हेच केलं. त्यांची आणखी एक सवय होती. गाडी बंद करण्याआधी अॅक्सिलरेटर दाबून एक जोरदार रेस द्यायची आणि ती रेस उतरायच्या आत चावी फिरवायची. मागच्या हिवाळ्यात वंटमुरीच्या चढावर त्यांच्या डिझेल गाडीची ओढ अचानक गेली. बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि मागून निळसर धूर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) उतरवला तेव्हा मी तिथंच होतो. मिस्त्रीने टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. तो डाव्या-उजव्या बाजूला इतका डुलत होता की पंख्याची पाती भोवतीच्या भिंतीला घासून चकाकत होती. मग त्याने टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी काढली आणि तिच्यात तार घातली. तार मध्येच अडली. नळी फरशीवर आपटल्यावर आतून काळी, खरखरीत भुकटी पडली. बोटांत चुरून बघितली, तर कोळसाच.

"गाडी चांगली हाय काका, खरं बंद करायची घाई लई झाली," मिस्त्री म्हणाला. (आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'.)

दाजींना काही ते पटेना. त्यांनी विचारलं, "इंजिन बंद केलं की गाडी निवायलाच लागते की नाही? मग बंद केल्यानं बिघडेल कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे. पूर्वी टर्बो म्हटलं की डिझेल गाडी किंवा ट्रक डोळ्यांसमोर यायचा. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, अनेक छोटी डिझेल इंजिनं बाजारातून गेली आणि त्यांच्या जागी एक-सव्वा लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं आली. आता टिळकवाडीतल्या कुठल्याही गल्लीत दारापुढच्या चार गाड्यांत एखादी तरी टर्बोची निघते. ती चालवणाऱ्या बहुतेकांना टर्बोबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं.

धुरावर चालणारा भाता

चुलीत लाकडं कितीही घातली तरी हवा कमी पडली की जाळ धुमसतो. फुंकणीने फुंकलं की तीच लाकडं धडधडून पेटतात. इंजिनाचंही तसंच आहे. जास्त ताकद हवी असेल तर इंधन जास्त जाळावं लागतं आणि त्यासाठी हवाही जास्त लागते. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढ्यावर भागवतं. टर्बो ही हवा दाबून आत भरतो, म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनाइतकी ताकद देऊ शकतं.

यातली खरी हुशारी भाता कशावर चालतो यात आहे. इंधनातल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो हाच धूर एका छोट्या चक्रावर सोडतो. या चक्राला टर्बाईन म्हणतात. चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा असतो, तो कॉम्प्रेसर. धुराने टर्बाईन फिरली की पलीकडे कॉम्प्रेसर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. लोहाराच्या भट्टीचा भाता भट्टीच्याच धुरावर चालावा, असा हा प्रकार. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. जहाजं, रेल्वे इंजिनं आणि ट्रक यांच्यात ती आधी रुळली. सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशी टर्बोची मोटार अमेरिकेत १९६२ साली आली.

आता आकडे बघा. घरातला मिक्सर मिनिटाला साधारण अठरा-वीस हजार फेरे घेतो. छोट्या गाडीचा टर्बो जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. चक्राचा व्यास जेमतेम चार-पाच सेंटीमीटर, तरी पात्याचं टोक आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने फिरत असतं. टर्बाईनवर येणारा धूर जोराच्या चढावर डिझेल गाडीत ७५०-८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पेट्रोल गाडीत ९०० अंशांच्याही पुढे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. बेळगावच्या फाउंड्र्यांत काम करणाऱ्यांना या तापमानाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणूनच टर्बाईनचं चक्र निकेलच्या खास मिश्रधातूचं बनवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा मात्र अॅल्युमिनियमचा असतो. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला हवा, आणि दोन्हींत अंतर जेमतेम हाताच्या पंजाएवढं.

दांडा ऑइलवर तरंगतो

या पंजाएवढ्या जागेतच बेअरिंग असतं, म्हणजे फिरत्या दांड्याला पेलून धरणारं कडं. सायकलच्या चाकात असतात तसे छरे बहुतेक टर्बोंमध्ये नसतात. दांडा आणि कड्यामध्ये माणसाच्या केसापेक्षा पातळ फट असते. त्या फटीतून इंजिनाचं ऑइल दाबाने सतत वाहतं आणि दांडा ऑइलच्या त्या थरावर तरंगत फिरतो. भर पावसात हायवेवर पाणी साचलेलं असताना वेगात गाडी नेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग हलकं होतं, हे अनेकांनी अनुभवलं असेल. टर्बोत हेच तरंगणं मुद्दाम घडवून आणलेलं असतं. लोखंड लोखंडाला शिवतच नाही, म्हणून दोन लाख फेऱ्यांनाही झीज होत नाही.

या ऑइलवर दोन कामं असतात. एक दांडा तरंगत ठेवायचं, दुसरं टर्बाईनकडून दांड्यात येणारी उष्णता उचलून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, नेऊन सोडायचं. ही दोन्ही कामं ऑइल वाहत असेपर्यंतच होतात. ऑइल पंप फिरवतं इंजिन, त्यामुळे इंजिन बंद केलं की पंपही थांबतो.

काहील आणि ढवळणं

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडचे लोक गुऱ्हाळावर कधी ना कधी गेलेले असतात. चुलवाणावर काहील चढवलेली असते, उसाचा रस आटून पाक होत आलेला असतो. शेवटच्या टप्प्यात ढवळणारा माणूस हात थांबवत नाही. ढवळणं थांबलं की पाक बुडाला लागतो आणि करपतो. चुलवाणात जळण टाकणं बंद केलं तरी पाक लगेच शिजायचा थांबत नाही. चुलवाणाच्या भिंती आणि काहिलीचं बूड तापलेलं असतं, ती उष्णता पाकात उतरतच राहते. गुळव्याला हे ठाऊक असतं, म्हणून जाळ आधी मंद करून मग तो काहील उतरवायला सांगतो.

घाटमाथ्यावर झटक्यात इंजिन बंद केलं की टर्बोत नेमकं हेच होतं. नवा गरम धूर यायचा थांबला हे खरं. पण टर्बाईनचं चक्र आणि तिचं जाड ओतीव लोखंडी कवच त्या क्षणी लाल होण्याइतकं तापलेलं असतं. आतापर्यंत वाहतं ऑइल ही उष्णता वाहून नेत होतं. आता ते जागच्या जागी उभं आहे. उष्णतेला जायला सोपी वाट एकच उरते, दांड्यातून आणि कवचातून सरळ बेअरिंगकडे. म्हणून इंजिन बंद झाल्यानंतरची काही मिनिटं बेअरिंगचं तापमान कमी होत नाही, उलट वाढतं. इंजिनिअर याला 'हीट सोक' म्हणतात. मराठीत 'उष्णता मुरणं' म्हटलं की नेमकं कळतं.

दाजींच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. गाडी एकूण निवत असते, पण तिच्या सगळ्यांत नाजूक जागी तेवढ्या वेळात उष्णता चढत असते.

तिथं अडकलेल्या चमचाभर ऑइलचं पुढे काय होतं, हे घरातली तळणीची कढई सांगते. कडेला उडालेल्या तेलाचे थेंब तापून तापून पिवळे, मग तपकिरी, शेवटी काळे होतात आणि इतके चिकटतात की घासणीनेही निघत नाहीत. इंजिन ऑइलही साधारण २५० अंशांच्या पुढे गेलं की मोडायला लागतं आणि मागे कोळशाचा थर ठेवतं. एका वेळी हा थर नजरेलाही दिसत नाही. पण असे पाचशे-हजार घाट झाले की केसापेक्षा बारीक फटीत आणि ऑइलच्या नळीत तो साचत जातो. नळी अरुंद झाली की ऑइल कमी पोहोचतं, ऑइल कमी पडलं की दांडा कड्याला घासतो, आणि घासलेला दांडा डुलायला लागतो. उद्यमबागेत त्या दिवशी माझ्या बोटांना लागलेली भुकटी ही अशीच आठ वर्षांत साचलेली होती.

रेस देऊन बंद करणं सगळ्यांत वाईट

दाजींची रेस द्यायची सवय जुन्या गाड्यांतून आलेली. स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळ्यांवर वडीलधारी मंडळी असंच करत. टर्बोच्या गाडीत मात्र त्या एका रेसने टर्बाईन क्षणात भन्नाट वेगाने फिरायला लागते, आणि त्याच क्षणी इंजिन बंद होऊन ऑइलचा दाब जातो. इंजिन एका सेकंदात थांबतं, टर्बोचा दांडा मात्र आधीच्या वेगाच्या जोरावर फिरतच राहतो, तोही ऑइलशिवाय. उष्णता मुरण्याने नुकसान व्हायला वर्षं लागतात. इथं झीज थेट होते, आणि रोज थोडी थोडी. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही सवय आजच सोडा.

मग थांबायचं तरी किती?

इथं लोक दोन टोकाला जातात. कुणी अजिबात थांबत नाही, तर कुणी दारात दहा मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवतो. दोन्हीची गरज नाही.

अनगोळहून कॉलेज रोडला भाजी आणायला गेलात आणि परत आलात, तर काहीच थांबायचं नाही. त्या गर्दीत टर्बोला जोर लावायची वेळच आलेली नसते. हायवेवरून ऐंशी-नव्वदच्या चालीने आलात आणि गावात शिरल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवले, तर ते सावकाश चालवणं हीच विश्रांती. घरापुढे गाडी उभी केल्यावर सीटबेल्ट काढायला, मोबाइल उचलायला जो वेळ जातो तेवढा पुरतो. खरा प्रश्न जोरात असतानाच मध्येच थांबल्याचा आहे. घाटाचा माथा, हायवेलगतचा धाबा, टोलनाक्याच्या आसपासची चहाची टपरी. तवंदी घाट भरल्या गाडीने चढून लगेच थांबलात, तर एक ते दोन मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये नुसतं चालू राहू द्या. एवढ्या वेळात टर्बाईनवर येणाऱ्या धुराचं तापमान जवळपास निम्म्यावर येतं, दांडा मिक्सरच्या वेगाइतका खाली येतो आणि वाहतं ऑइल साठलेली उष्णता घेऊन जातं. त्यापेक्षा जास्त थांबून हाती काही लागत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा वेळ दिला असेल तर तोच पाळा.

यापेक्षाही सोपा उपाय म्हणजे थांबण्याची जागा बदला. चोर्ल्याच्या माथ्यावर न थांबता तसंच पुढं कणकुंबीपर्यंत या. घाटातला अंगावर येणारा चढ संपलेला असतो, रस्ता जंगलातून वळत जातो, पायही आपोआप हलका पडतो. मलप्रभेच्या उगमाजवळ थांबून चहा घ्या. तोवर गाडी चालता चालताच निवलेली असते. आमच्या घरचा आता हाच नियम आहे, आणि फोटो तिथंही छान येतात.

घाट उतरताना गोष्ट उलटी होते. गिअरमध्ये ठेवून, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून उतरत असाल तर बहुतेक आधुनिक इंजिनांत इंधन जातच नाही. सिलिंडरमधून नुसती हवा खेळते आणि टर्बो निवत जातो. त्यामुळे गोव्याकडे उतरून केरीत थांबलात तर काळजी टर्बोची करायची नाही, तापलेल्या ब्रेकची करायची. इंधन वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरू नका. त्याने वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

दोन इशारे इथंच देतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल तर एक-दोन मिनिटांचा हिशेब विसरा, गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. आणि बंद शटरच्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

"नव्या गाड्यांना हे लागत नाही म्हणतात"

हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. सुरुवातीच्या टर्बोंत बेअरिंगला थंडावा फक्त ऑइलचा असे. पुढे बेअरिंगच्या कवचात कूलंटसाठी, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्यासाठी, वेगळी वाट ठेवायला लागले. पेट्रोल गाड्यांत आता ही सोय जवळपास सगळीकडे असते. इंजिन बंद झालं तरी तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी त्याची जागा घेतं आणि पंपाशिवायही थोडं फिरतं राहतं. चुलीवरच्या पातेल्यात ढवळलं नाही तरी पाणी खालीवर होतं, त्यातलाच हा प्रकार. काही गाड्यांत यासाठी विजेवर चालणारा छोटा पंपही असतो. गाडी बंद करून तुम्ही दार लावलंत आणि बॉनेटखालून घुंऽऽ असा आवाज येत राहिला तर घाबरू नका. पंप किंवा रेडिएटरचा पंखा आपलं काम करत असतो. त्याला करू द्या.

मग थांबायचं कशाला? कारण ही सोय रोजच्या वापराचा विचार करून केलेली असते. घाट चढून आलेल्या भरल्या गाडीला ती पुरेल, पण तिच्यावर ताण येईलच, आणि एक मिनिट थांबून तो ताण कमी होत असेल तर का थांबू नये? दुसरं, ही सगळी मदार कूलंटवर आहे. आमच्याकडे कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओततात. त्याच पाण्याने घरातल्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच थर या बारीक वाटांनाही धरतो. कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. तिसरं, रस्त्यावर धावणाऱ्या सगळ्याच गाड्या नव्या नाहीत. दाजींची गाडी आठ वर्षांची होती.

सिग्नलला स्वतःहून बंद होणाऱ्या गाड्यांचं काय, असंही विचारतात. त्या यंत्रणेला इंजिनाचं तापमान कळत असतं आणि गाडी तेवढ्याच हिशेबाने बनवलेली असते. शहरात तिची चिंता करू नका. घाटातून येऊन लगेच थांबायची वेळ आली तर ती यंत्रणा तिच्या बटणाने तेवढ्यापुरती बंद करा, झालं.

इंधन वाया जाण्याबद्दल विचाराल, तर छोटं इंजिन नुसतं चालू राहिलं तर तासाला साधारण पाऊण-एक लिटर पितं. मिनिटाला हे चहाच्या चमच्याने साधारण तीन चमचे होतात.

घाटात तापलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बाटलीने पाणी मारणारेही मी पाहिले आहेत. तसं कधीच करू नका. लाल होण्याइतक्या तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं.

ऑइल वेळेवर बदलणं याहून महत्त्वाचं

दोन मिनिटं थांबण्यावर चर्चा खूप होते, पण माझ्या मते टर्बोचं आयुष्य त्याहून जास्त ऑइलवर ठरतं. जुनं ऑइल काजळीने जड झालेलं असतं, त्यात पेट्रोलचा अंश आणि ओलावा उतरलेला असतो. असं ऑइल लवकर मोडतं आणि कोळसा जास्त सोडतं. सिंथेटिक ऑइल, म्हणजे कारखान्यात रेणू निवडून बनवलेलं ऑइल, साध्या मिनरल ऑइलपेक्षा उष्णता बरीच जास्त सोसतं. तुमच्या गाडीला कुठलं घालायचं हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. 'फाइव्ह डब्ल्यू थर्टी'सारखा जाडीचा आकडा आणि त्याच्या शेजारी दर्जाचं चिन्ह असतं. ती दोन्ही जुळली पाहिजेत. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, आणि चुकीच्या ऑइलने ती जाळीही भरते. सुटं, ड्रममधून काढून दिलेलं ऑइल टर्बोच्या गाडीत घालू नका.

बहुतेक कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते सांगतात. वर्षभरात चारच हजार किलोमीटर झाले म्हणून ऑइल तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. थोडं थोडं अंतर चालून बंद होणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही आणि ऑइल जास्त खराब होतं. वर्ष झालं की बदला. घाट, धूळ आणि ओझं रोजचंच असेल तर पुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी अंतर दिलेलं असतं, ते तुम्हाला लागू आहे. ऑइलबरोबर त्याचा फिल्टरही बदला.

सकाळी गाडी चालू करतानाही ऑइलचाच विचार करा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ गार असते, रात्रभर सम्पमध्ये उतरलेलं ऑइल घट्ट असतं आणि टर्बोपर्यंत पोहोचायला त्याला काही सेकंद लागतात. चालू केल्या केल्या रेस देऊ नका. वीस-तीस सेकंद जाऊ द्या आणि मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

धुळीचा एक कण

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या की साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसभर धुरळा उडतो. खानापूरकडे तांबडी माती आहेच. कॉम्प्रेसरची पाती ज्या वेगाने फिरतात त्या वेगात वाळूचा कण बंदुकीच्या छऱ्यासारखा लागतो. पात्याची कड खरवडली जाते, तोल बिघडतो आणि पुढचं सगळं बेअरिंगला सोसावं लागतं. टर्बो आणि या कणांच्या मध्ये फक्त कागदाचा एअर फिल्टर असतो. फाटका फिल्टर झटकून पुन्हा बसवणं किंवा जास्त हवा मिळावी म्हणून तो काढूनच टाकणं फार महागात पडतं. ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच सांगेन, कारण मोठ्या ताकदीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना आता टर्बो असतो. दोन ट्रॉल्या ओढून चढ चढलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत लावल्यावर तिथंही आधी मिनिटभर थांबा, मग बंद करा.

शिट्टी ऐकू आली तर

टर्बोचा बारीक, एका सुरातला आवाज नेहमीचाच असतो. तो आवाज मोठा झाला, सायरनसारखा चढायला-उतरायला लागला, ओढ कमी झाली, निळा धूर आला किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल लवकर खाली जायला लागलं, तर जोरात चालवणं थांबवा आणि गाडी दाखवा. "टर्बो गेला" हे ऐकून लगेच पैसे मोजू नका. टर्बोपासून इंजिनाकडे दाबाची हवा नेणारा रबरी पाइप फाटला किंवा त्याची पट्टी निसटली, तरी ओढ जाते, हवा सुटल्याचा आवाज येतो आणि डिझेल गाडीतून काळा धूर येतो. तो पाइप बदलायला टर्बोच्या मानाने अगदी थोडा खर्च येतो. आधी ते बघायला सांगा, आपण स्वतः बघा.

टर्बो खरंच गेला असेल, तर जुना टर्बो डोळ्यांपुढे उतरवून घ्या आणि तो का गेला हे विचारा. ऑइल न मिळाल्याने, कोळशाने, की धुळीने? कारण तसंच राहिलं तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. दाजींच्या गाडीत मिस्त्रीने ऑइल आणणारी नळी नवी घातली, परत नेणारी नळी आतून धुऊन मोकळी केली आणि ऑइल व फिल्टर बदलले. नवा टर्बो बसवण्याआधी त्याच्या ऑइलच्या तोंडातून थोडं ऑइल आत सोडलं आणि चक्र हाताने फिरवून ते सगळीकडे पसरवलं. मग इंधन तोडून फक्त स्टार्टर मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू केलं आणि काही मिनिटं रेस न देता नुसतं चालू ठेवलं. दाजी शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते.